दिलीपभाऊंची गेमिंग मशीन

"ताई, जरा थांबा. पोराले इचारतो," असं म्हणत दिलीपभाऊंनी ग्राफिक्स कार्डाचा डबा माझ्या हातून घेतला आणि फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरला. फोनवर त्यांचा मुलगा गौरव होता. तो आयर्लंडमध्ये नोकरी करतो. आपल्याकडे संध्याकाळ होते तेव्हा तिथं जेवणाची सुट्टी असते. गौरव हातात सँडविच धरून डब्यावरचा मॉडेल नंबर वाचत होता.

"बाबा, हे नका घेऊ. नागपुरात जुनं कार्ड भेटते, याच्याहून वरचं. तेवढ्याच पैशात."

"ताईसंग बोल," दिलीपभाऊ म्हणाले आणि फोन माझ्याकडे वळवला.

मी वर्ध्यात कॉम्प्युटरचं दुकान चालवते. सुरुवातीला दिवसभर असेंबलीच असायची. म्हणजे सुटे पार्ट आणायचे, ग्राहकाच्या गरजेप्रमाणे जोडायचे आणि मशीन तयार करून द्यायची. आता लोक लॅपटॉप घेतात, तोही ऑनलाइन. माझ्याकडे उरलंय ते प्रिंटरची कार्ट्रिज भरणं आणि सीसीटीव्ही. त्यामुळे सेलूकडचा एक भाजीवाला शेतकरी येऊन "मले गेमिंग कॉम्प्युटर बांधाचा आहे, माह्या हातानं" म्हणाला, तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"कोणासाठी, भाऊ?"

"माह्यासाठीच."

मग हळूहळू बाहेर आलं. दिलीपभाऊंची बायको वारली, त्याच्या पुढच्या वर्षी गौरव परदेशी गेला. घरी दिलीपभाऊ एकटे. मुलाचा फोन येतो, पण त्यात बोलणं फार नसतं. "जेवले का, लाईन आहे का, ठेवू का," असं त्यांनीच मला करून दाखवलं. पुतण्याकडून त्यांना कळलं होतं की गौरव दर रविवारी मित्रांसोबत ट्रक चालवायचा गेम खेळतो. सगळे एकाच रस्त्यावर ट्रक घेऊन निघतात, कानाला हेडफोन लावून गप्पा मारत जातात.

"दोन-दोन घंटे बोलते म्हणे त्याच्यावर," दिलीपभाऊ म्हणाले. "माह्यासंग नाई बोलत एवढा. त्याचा दोष नाई. माह्यापाशीच काई नसते सांगाले. वांगे तोडले, मिरची लावली. रोज काय सांगन?"

तयार मशीन घ्या, एका दिवसात घरी जाईल, असं मी सुचवलं. ते नको म्हणाले. गौरवनं कॉलेजात असताना स्वतःची मशीन स्वतः बांधली होती, तशीच यांना हवी होती.

आता गौरवला मी नागपूरच्या जुन्या कार्डाबद्दल सांगितलं. गेमिंग मशीनमध्ये पैशाचा सर्वांत मोठा घास ग्राफिक्स कार्ड खातं. पडद्यावरचं चित्र तेच काढतं. म्हणून लोक जुन्याकडे वळतात. पण जुनी बरीच कार्डं आधी कुठंतरी रात्रंदिवस चालू ठेवून वापरलेली असतात. वॉरंटी नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात त्यातलं कोणतं कधी बंद पडेल सांगता येत नाही.

"नवीन, थोडं खालचं कार्ड घेऊ. ट्रकच्या गेमला पुरतं," मी म्हटलं.

"पण मॅडम, पुढं दुसरे गेम खेळायचे असले तर?"

"तुमचे बाबा कोणते दुसरे गेम खेळणार आहेत?"

गौरव हसला. दिलीपभाऊ आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहत होते. कार्डाचं काय ठरतंय याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं दिसत नव्हतं. बोलणं चाललंय, एवढ्यावर ते खूश होते.

त्या दिवशी कार्ड ठरलं. मग एकेक पार्ट असाच ठरत गेला. प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू. मदरबोर्ड, ज्याच्यावर सगळे पार्ट बसतात. दर वेळी दिलीपभाऊ भाजी उतरवून बाजारातून सरळ दुकानात यायचे आणि काउंटरवर प्रिंटरला टेकवून फोन उभा करायचे.

एसएमपीएसवर मी अडून बसले. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज मशीनला झेपेल अशी करून देणारी पेटी. स्वस्त कॅबिनेटसोबत ती फुकट मिळते. मी दिलीपभाऊंच्या एका हातात फुकटची दिली, दुसऱ्या हातात चांगली. त्यांनी वजन करून पाहिलं.

"हलकी आहे ही. आत काईच नाई वाटते."

"तुमच्याकडे व्होल्टेज कसं असतं?"

"सायंकाळी सगळ्यायच्या मोटरी चालू झाल्या का बल्ब लाल होते."

"मग जड घ्या. आणि यूपीएस घ्या. पैसे वाचवायचे असले तर कॅबिनेटच्या रंगीत लाइटमध्ये वाचवा."

गौरवला लाइट हवे होते. बापलेकांचं त्यावर बरंच झालं. शेवटी एक पंखा लाइटवाला ठेवला.

एके दिवशी बजेट दहा हजारांनी वाढलं. आम्ही पन्नासच्या आत बसवत होतो, दिलीपभाऊ म्हणाले, साठ धरा. फोनवर गौरवनं विचारलं, "कुठून आले, बाबा?"

"तुही गाडी इकली."

गौरवनं चेहरा कॅमेऱ्याजवळ आणला.

"काऊन इकली?" गौरवनं विचारलं. "मी आलो का लागली असती."

"कवा येतं?"

गौरव पडद्याबाहेर कुठंतरी पाहू लागला. दिलीपभाऊंनी पुन्हा विचारलं नाही. ते म्हणाले, "उभ्या-उभ्या टायर सडले होते, बेटा. उंदरानं सीट कुरतडली होती." मी उगाच कार्टनमधून वायरी काढत बसले. शेवटी गौरवच म्हणाला, "बरं, मग एसएसडी मोठी घेऊ."

एसएसडी म्हणजे जिथं गेम आणि फाइली साठवल्या जातात ती चिप. मी दिलीपभाऊंना ती दोन दिवस आधीच समजावली होती आणि त्यांना पहिल्याच फटक्यात समजली होती. इतकी, की दुकानात आलेल्या एका प्राध्यापकांना त्यांनी माझ्या आधी उत्तर दिलं होतं. आता तेच दिलीपभाऊ फोनकडे वाकून म्हणाले, "एसएसडी म्हणजे काय असते, गौरव? मले समजतच नाई ते."

गौरवनं खुर्ची पुढं ओढली आणि सांगायला लागला. जुनी हार्ड डिस्क कशी फिरायची, ही का फिरत नाही, गेम लवकर का उघडतो. दिलीपभाऊ हूं हूं करत ऐकत होते. मध्येच त्यांनी एक चुकीचा प्रश्न विचारला. तोही मुद्दाम होता. गौरवची सुट्टी संपेपर्यंत बोलणं चाललं.

आई गेल्यापासून मीही घरी एकटीच असते. बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की मेथीचा भाव माहीत असूनही मी विचारते.

सगळे पार्ट आले तेव्हा मशीन दुकानातच बांधली. दिलीपभाऊंनी हात धुऊन, पुसून घेतले. प्रोसेसरवर थर्मल पेस्ट लावायची असते. ती उष्णता वरच्या पंख्याकडे पोचवते. किती लावायची, त्यांनी विचारलं. तुरीच्या दाण्याएवढी, मी म्हटलं. त्यांनी बरोबर तेवढी लावली. रॅमच्या दोन स्टिक होत्या. रॅम म्हणजे मशीन काम करताना लागणारी जागा. एक मोठी घेण्यापेक्षा दोन लहान घ्याव्यात, जोडीनं काम चांगलं होतं. त्या बसताना खट् आवाज यावा लागतो. भाऊ जोर लावायला घाबरत होते.

"दाबा, बाबा. तुटत नाई," फोनमधून गौरव म्हणाला.

खट् आवाज आला. बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडद्यावर काही नाही. मला कारण दिसत होतं. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या तोंडात गेली होती. पहिली मशीन बांधणारे बहुतेक जण हे करतात. मी ते गौरववर सोडलं. गौरवनं फोन मागच्या बाजूला न्यायला लावला, एकेक वायर पाहिली आणि पकडली. वायर बदलली, पडदा उजळला.

"झालं, बाबा," गौरव म्हणाला. "मस्त बांधली. चला, माझी मीटिंग आहे."

फोन बंद झाल्यावर दिलीपभाऊ पडद्याकडे पाहत बसले. मशीन सुरू झाल्यावर लोक हसतात, फोटो काढतात. यांनी विचारलं, "आता काईच राह्यलं नाई का, ताई?"

"नाही. झाली."

मशीन घरी बसवायला मी स्वतः गेले. तिथं अर्थिंग नव्हतं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या आल्या असत्या. वायरमन बोलावून ते करून घेतलं. गेम टाकून दिला, हेडफोन जोडून दिला. पुढं काही दिवस दिलीपभाऊंचे निरोप येत होते. रविवारी ट्रक चालवला. गौरवच्या मित्रांनी नमस्कार केला. भाऊ डाव्या बाजूनं, चाळीसच्या स्पीडनं चालवायचे आणि बाकीचे पुढं जाऊन थांबायचे. मित्रांचं बोलणं इंग्रजीत चालायचं. मग निरोप कमी झाले.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी दुकानासमोर ऑटो थांबला. दिलीपभाऊंनी कॅबिनेट चादरीत गुंडाळून आणलं होतं.

"चेक करा जरा."

"काय होतंय?"

"तसं काई नाई होत. पण पाहा."

मी पाहिलं. तापमान ठीक, एसएसडी ठीक, ग्राफिक्स कार्डावर ताण देऊन पाहिला, ठीक. आत धूळसुद्धा नव्हती. बहुतेक ते रोज पुसत असावेत.

"भाऊ, एकदम चांगली आहे."

"एखादा पार्ट बदलाव लागते का?"

"काही गरज नाही. पाच वर्षं पाहावं लागणार नाही."

हे ऐकून ग्राहकाला बरं वाटतं. दिलीपभाऊ स्टुलावर बसले आणि चादरीची घडी घालत राहिले.

"गौरव म्हणे, बाबा, तुम्ही पयले प्रॅक्टिस करा, मंग संग खेळू. मी करतो प्रॅक्टिस. एकटाच चालवतो रस्त्यानं. फोनवर म्हंते, मशीन कशी आहे? मी म्हंतो, चांगली आहे. मंग काय बोलाव?" थोडं थांबून ते म्हणाले, "ताई, त्यातली एक पट्टी काढून ठेवा तुमच्यापाशी."

"रॅम?"

"हो. जरा हळू चालन ना मंग?"

इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी चांगला पार्ट काढून घ्या म्हणून आलं नव्हतं. मी नाही म्हणायला हवं होतं की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी कॅबिनेट उघडलं, एक स्टिक काढली, पाकिटात घालून त्यावर त्यांचं नाव लिहिलं.

त्या आठवड्यात गौरवनं तीनदा फोन करून बापाकडून मशीन तपासून घेतली. हे मला त्याच्याकडूनच कळलं, कारण चौथा फोन त्यानं मला केला.

"मॅडम, मशीन अर्धीच रॅम दाखवते. एक स्टिक गेली वाटतं. वॉरंटीत बदलून द्याल का?"

मला खोटं बोलायचं नव्हतं. वॉरंटीचा प्रश्न होता, आणि मी दुकानदार आहे. "गेली नाही," मी म्हटलं. "माझ्याकडे आहे. बाबांनी काढायला लावली."

"काऊन?"

मी सांगितलं. मागून कुणीतरी इंग्रजीत काही विचारत होतं, मग दार लागल्याचा आवाज आला.

"बाबाले सगळं समजते, मॅडम," तो म्हणाला. "सांगायच्या आधी समजते. मले माहीत आहे. तरी मी सांगत बसतो. इथं मले कोणी काई इचारत नाई."

"मग स्टिक परत लावून देऊ का?"

"राहू द्या सध्या," तो म्हणाला.

गौरव अजून आलेला नाही. सुट्टी मिळेल तेव्हा येईन, म्हणतो. दिलीपभाऊ बाजाराच्या दिवशी दुकानासमोरून जातात तेव्हा हात करतात, कधी कोथिंबिरीची जुडी ठेवून जातात. मशीन हळू चालते, असं मोठ्या समाधानानं सांगतात. रविवारी आता दोघंच खेळतात, मित्र वेगळे खेळतात. रस्ताभर काय बोलतात ते मी विचारत नाही.

धंद्यापुरतं सांगायचं तर एवढंच शिकले. पहिली मशीन बांधायला कुणी आलं की पूर्वी मी बजेट विचारायचे. आता आधी विचारते, खेळणार कोणासोबत? त्यावरून कार्ड किती मोठं लागेल ते ठरतं. बहुतेक जण म्हणतात, एकटाच. मग मी बजेट विचारते.