नरसय्याचे ठसे

छापखान्यात आम्ही तिघंच. मालक, खिळे जुळवणारा मी आणि चित्रांचे लाकडी ठसे कोरणारा नरसय्या. पण किस्से इतके साठलेत, की मी सुरू झालो की बायको म्हणते, "आधी जेवा!" सोलापुरातले ते दिवस वाईट होते, म्हणूनच बहुतेक सगळं लक्षात राहिलंय.

एकदा कापडाच्या लेबलावर डोंगर, धबधबा आणि गर्द झाडी हवी होती. "भरभराट दिसली पाहिजे!" अशी मालकांची ऑर्डर. नरसय्यानं जीव ओतून कोरलं. सांगोल्याचा एक पाहुणा छाप बघून हळहळला, "लई झाडं की! आमच्याकडं असती तर शेरडांनी कवाच फस्त केली असती."

डोंगरामागं सूर्य, वर दोन पाखरं, असा एक ठसा होता. तो लग्नपत्रिकेलाही चालायचा आणि दहाव्याच्या पत्रालाही. नवी पेठेतल्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, "ह्यो सूर्य उगवतोय का मावळतोय?"

नरसय्यानं मान वरसुद्धा केली नाही. "तुमच्या घरी लगीन हाय का दहावा?"

मग तीस साली इंग्रजांचा मार्शल लॉ आला. नरसय्याचा एकुलता एक अंबादास झेंडा घेऊन निघाला, तो थेट तुरुंगात! लग्न ठरलेलं पोरगं. नरसय्या रोज म्हणायचा, "सुटला की बार उडवतो बघा."

त्यातच फौजदार झडतीला आला. तो ठसा उचलून गरजला, "उगवता सूर्य? स्वराज्याचा काय?"

मालक म्हणाले, "छे छे साहेब, मावळतोय!"

"कुणाचा?"

ठसा जप्त झाला. मला हसू आवरेना. नरसय्या मात्र फौजदाराच्या मागं रस्त्यावर धावला, "सायेब, माजं पोरगं कसं हाय?" त्या मेल्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. अजून आठवलं की डोकं फिरतं.

अंबादास तुरुंगातच तापानं गेला. बापाला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

दहाव्याच्या पत्रावर नरसय्याला तळं हवं होतं. त्याच्या दारातून दिसायचं तसं, डाव्या हाताला किल्ला. ठसा उलटा कोरला तरच छाप सुलटी येते. जन्मभर हे त्याला कधी सांगावं लागलं नव्हतं. पण पहिला कागद काढला, तर किल्ला उजवीकडं!

मला भडभडून आलं. म्हटलं, "नरसय्यामामा, चित्र उलटं आलंय. दुसरा ठसा कोरा, थांबू आपण."

त्यानं ओला कागद दोन्ही हातांनी धरला.

"ऱ्हाऊ दे. त्याला तिकडनं असंच दिसत असंल की."