लक्ष्मीवहिनींची गोव्याची एक दिवसाची फेरी

“वैनी, गोव्याला गेलता न्हवं?” पाटीलमामांनी विचारलं.

चंदगडकडच्या एका वाडीत पडवीवर आम्ही बसलो होतो. समोर लक्ष्मीवहिनी, चादर पांघरून. काजूच्या कारखान्यात सोलायच्या कामाला जाणाऱ्या. त्यांचं रक्त मलेरिया पॉझिटिव्ह आलं होतं, तेही फॅल्सिपेरम, म्हणजे जिवावर बेतू शकणारा प्रकार. औषध आदल्या दिवशीच सुरू झालं होतं. हा मलेरिया आला कुठून, ते शोधायचं काम माझं. मी सरकारी ऑफिसात कॉन्ट्रॅक्टवर एपिडेमिऑलॉजिस्ट आहे. पाटीलमामा त्या भागाचे आरोग्यसेवक, मूळचे हातकणंगल्याचे, निवृत्तीला आलेले.

खरं तर प्रश्न मी विचारायला हवा होता. पण फॉर्म इंग्रजीत, माझं शिक्षण इंग्रजीत, आणि अनोळखी माणसांसमोर माझा आवाज निघत नाही. कोल्हापूरच्या बोलघेवड्या शिवाजी पेठेत वाढून अशी कशी, असं सगळे विचारतात. म्हणून फॉर्म मी भरायचा आणि बोलायचं मामांनी, अशी आमची वाटणी ठरून गेली होती.

“गेलतो की,” वहिनी म्हणाल्या.

“बगा मॅडम. गोव्याचा हाय. इंपोर्टेड लिवा, आणि चला.”

इंपोर्टेड म्हणजे बाहेरून आलेला. लोकल म्हणजे इथल्याच डासाने इथेच दिलेला. आमच्याकडे तीन वर्षं लोकलच्या रकान्यात शून्य होतं. ते शून्य टिकवण्यावर आता ऑफिसचं सगळं लक्ष असतं.

“कधी गेला होता?” मी हळूच विचारलं.

“सोमवारी. सकाळच्या यष्टीनं गेलो, दिवस मावळायच्या आत घरात.”

“आणि ताप?”

“शुक्रवारी भरला.”

“त्याआधी कुठं मुक्कामाला?”

“मुक्कामाला कोण सोडतंय, मॅडम? म्हशी कोण बघायची?”

मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. चावल्यावर ताप यायला आठवडा तरी लागतोच, बहुतेकदा जास्त. वहिनी भर दिवसा गोव्यात होत्या आणि चारच दिवसांनी तापल्या. गोव्याचा यात काही संबंध नव्हता.

परतताना जीपमधून ऑफिसातल्या साहेबांना फोन केला.

“सर, ही केस लोकल वाटतेय.”

“बाई गोव्याला गेली होती की नव्हती?”

“गेली होती, पण तारखा...”

“तारखा आजारी माणसाला धड आठवतात होय? मामांनी मला सांगितलंय सगळं. तीन वर्षांचं काम एका बाईच्या सोमवार-शुक्रवारवर घालवायचं?”

मी “ओके सर” म्हणाले. फॉर्मवर इंपोर्टेड लिहिलं. सही माझी आहे.

या एका शब्दाने काय बदलतं, ते सांगते. केस लोकल ठरली, तर त्या वाडीत प्रत्येकाचं रक्त तपासावं लागतं, ताप असो वा नसो. कारण अंगात जंतू असूनही ताप नसलेली माणसं असतात, आणि डास त्यांच्यातूनही जंतू उचलतात. शिवाय घराघरात फवारणी, आणि पुढे कितीतरी आठवडे लक्ष. इंपोर्टेड ठरली की आमच्याकडे आसपासच्या घरांत “ताप हाय का कुणाला?” एवढं विचारून भागवतात. तसंच भागवलं. चार घरं सोडून राहणाऱ्या रेश्माला ताप नव्हता. तिचं रक्त घेतलं नाही. तिला सातवा महिना चालू होता.

महिन्याभराने ती तापली. जवळच्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या. त्यांना दोष कसा देऊ? या भागात मलेरिया राहिलेला नाही, असं आमचेच रिपोर्ट सांगत होते. पाचव्या दिवशी तिला कोल्हापुरात आणलं, तेव्हा ती बरळत होती. ती वाचली. बाळ पोटातच गेलं.

रेश्मा सहा महिन्यांत वाडीबाहेर झोपली नव्हती. आता शून्य जाणार, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर जावं, असंच वाटत होतं. साहेबांनी फॉर्म शांतपणे वाचला.

“इंट्रोड्यूस्ड लिहा.”

बाहेरून आलेल्या केसपासून इथे कुणाला लागण झाली, तर तिला इंट्रोड्यूस्ड म्हणतात. तिचा रकाना वेगळा. पहिली केस इंपोर्टेड लिहिलेली असल्यामुळे दुसरी नियमाने तिथेच जात होती. पहिला कागद बदला, असं मी या वेळी म्हटलं. “तो वर गेलाय,” साहेब म्हणाले. लोकलचं शून्य तसंच राहिलं.

या वेळी मात्र वाडीत सगळ्यांचं रक्त घेतलं, फवारणीही झाली. कुणी पॉझिटिव्ह निघालं नाही. कुणाकडून आला होता, ते अजून कळलेलं नाही.

रक्त घेताना लक्ष्मीवहिनींच्या पडवीवर कुणी बसेना. मामांनी घरोघर सांगून ठेवलं होतं, वहिनींनी गोव्यातनं आणला म्हणून. वहिनींच्या कागदावर तेच होतं. रेश्माच्या सासूने वहिनींशी बोलणं टाकलं होतं.

“मॅडम, मी आणला व्हय?” वहिनींनी विचारलं.

“नाही.”

“मग लिवलंय कशाला तसं?”

“आमची चूक झाली.”

“मग खोडा की.”

“खोडता येत नाही, वहिनी.”

त्या उठून म्हशीकडे गेल्या.

मी रेश्माच्या सासूला जाऊन सांगितलं, वहिनींचा यात दोष नाही. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग कागद खोटा हाय व्हय?” कागद सरकारी, आणि मी कॉन्ट्रॅक्टवरची. मी “हो” म्हणाले. त्यांचा विश्वास बसला असं वाटलं नाही.

आता प्रश्न मीच विचारते, आवाज बारीक असला तरी. “कुठं गेला होता?” असं विचारत नाही. “महिन्याभरात रात्री कुठं कुठं झोपलात?” असं विचारते, आणि फॉर्म भरून झाल्याशिवाय साहेबांना फोन करत नाही. रोग भरपूर असतो तेव्हा सगळे त्याला शोधत असतात. तो थोडा उरला की सापडू नये, असं सगळ्यांनाच वाटायला लागतं. शोधायला पाठवलेल्या माणसालासुद्धा.