कुंकवातली पायवाट

“माजी वाट कुटं गेली?” आबांनी मॉनिटरवर बोट टेकवून विचारलं. खरंच, वाट नव्हती. खाचर होतं, विहीर होती, आंबा होता. मधली पायवाट तेवढी गायब.

मी लोणावळ्यात एका खासगी सर्व्हेअरच्या ऑफिसात स्कॅनिंगचं काम करते. जुने नकाशे स्कॅन करायचे, स्क्रीनवर मोठे करून बघायचे, त्यावर खुणा करायच्या. या खुणांना अ‍ॅनोटेशन म्हणतात. नकाशावर काच ठेवून काचेवर लिहावं, तसंच हे. खालचा नकाशा आहे तसाच राहतो.

आबा आणि मावशी हे जवळच्याच कुरवंडे गावचं शेतकरी जोडपं. त्यांच्या भातखाचराकडे जायची वाट खालच्या शेजाऱ्याच्या जमिनीतून जाते. ती जमीन पुण्याचे एक गृहस्थ बंगल्यासाठी घेत होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. नकाशात वाट असेल तर सोडतो, नसेल तर कंपाउंड घालतो. ते व्हिडिओ कॉलवर होते आणि मी त्यांना स्क्रीन शेअर करून नकाशा दाखवत होते.

नकाशा आबांच्या वडिलांच्या वेळच्या वाटणीचा. राहायला देव्हाऱ्यात. दर लक्ष्मीपूजनाला मावशी त्याला कुंकू लावायच्या, तेही चांगलं ओलं कालवून. जमीन म्हणजे लक्ष्मीच, त्यात चूक काहीच नाही. पण इतक्या वर्षांच्या पूजेने नकाशा लालेलाल झाला होता.

आमच्या साहेबांना कागद पांढराशुभ्र लागतो. “पुण्याच्या क्लायंटला हे असलं दाखवायचं?” म्हणत सकाळी त्यांनी स्वतः माऊस हातात घेतला आणि कलर ड्रॉपआउट लावलं. म्हणजे आपण सांगू तो रंग सॉफ्टवेअर उडवून टाकतं. साहेबांनी लाल सांगितला. कुंकू गेलं. वाट लाल शाईने काढलेली होती, तीही गेली. “सर, आधी झूम करून बघू या,” असं मी म्हटलं होतं. पण साहेबांच्या हाती माऊस म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

“मला तरी रस्ता दिसत नाहीये,” पुणेकर म्हणाले.

“आवो सायेब, रोज चालतोय मी तिच्यावरनं! वाट न्हाई तर भात लावाया काय उडत जाऊ?”

आबा खुर्ची सोडून उठलेच. मला फार वाईट वाटलं आणि साहेबांचा रागही आला. मी मूळ स्कॅन उघडला. तो मी कधीच डिलीट करत नाही. पण त्यात सगळंच लाल. मावशींनी अस्सल कागदच कॅमेऱ्यासमोर धरला.

“बापरे! काय सांडलंय त्याच्यावर?”

“सांडलं न्हाई, वाह्यलंय,” मावशी फणकारल्या.

“बरं. पण यात कुंकू कुठलं आणि रस्ता कुठला?”

प्रश्न रास्त होता. साहेब ‘टेक्निकल इश्यू’ असं काहीतरी पुटपुटत घाम पुसू लागले. मी मावशींनाच विचारलं, “कुंकू कशाकशाला लावता?”

“इहिरीला, आंब्याला, खाचराला. बांदालाबी.”

“आणि वाटेला?”

“वाटंला?” मावशींनी मला वेड्यात काढलं. “पोरी, वाटंवर पाय पडत्यात. तिला कुंकू लावत्यात व्हय कुनी?”

मी झूम केलं. विहिरीवर बोटांचे ठसे, आंब्यावर ठसे, बांधावर तर रांगच. आणि त्या सगळ्यांना चुकवत एक बारीक, सलग लाल रेघ शेजाऱ्याच्या जमिनीतून थेट आबांच्या खाचरात गेलेली. इतक्या वर्षांत तिच्यावर एकही बोट उठलेलं नव्हतं. मी तिच्यावर पिवळा हायलायटर फिरवला आणि बाजूला टाइप केलं, ‘पायवाट’.

पुणेकरांनी रेघ शेवटपर्यंत निरखली. मग हसले. “आहे बुवा रस्ता. खरेदीखतात तसं लिहून घ्या. मी फक्त गेट बसवतो.”

“बसवा की,” आबा म्हणाले. “पन कुलूप नगं.”

तेही मी टाइप केलं. हायलायटरसकट नकाशाची प्रिंट खरेदीखताला जोडली गेली आणि आबांनी त्या वर्षीही भात चालत जाऊनच लावला.

साहेब अजूनही कागद साफ करतात. फक्त बटण दाबायच्या आधी मी त्यांना विचारते, यातला मळ कुठला, ते कागदाच्या मालकिणीला विचारलंत का?