डाव्या बाजूचं लिमिट

बारावीनंतर माझ्या वर्गातली मुलं पुण्याला, बंगळूरला कॉलेजसाठी निघून गेली. मी सौदीत, अबकैकलाच राहिले. तिथल्या कॉलेजांची दारं आमच्यासारख्या परदेशी मुलांना जवळजवळ बंदच होती आणि मला एकटीला हॉस्टेलवर ठेवायला बाबांचं मन धजेना. ते तेलाच्या प्लांटमध्ये ऑपरेटर होते. शेवटी भारतातल्या एका विद्यापीठाचं बी.एस्सी. घरी बसून करायचं ठरलं. पुस्तकं पोस्टाने येणार, परीक्षा रियाधला.

"गणित मी शिकवीन," आई म्हणाली.

सौदीला येण्याआधी आई मिरजेच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची. इथे आल्यावर ते सगळं सुटलं. बायकांनी करायचं काय, तर घर, कंपनीच्या कंपाउंडमधल्या मैत्रिणी, आणि आठवड्यातून एकदा नवऱ्याबरोबर दम्मामला बाजारहाट. तिने कधी तक्रार केलेली मला आठवत नाही. पण बाबांनी जेवणाच्या खोलीत पांढरा फळा लावला, त्या दिवशी ती इस्त्रीची सुती साडी नेसून, केसांचा अंबाडा घालून आली. मी हसले तर म्हणाली, "हसू नकोस. वर्गात मी कुणाची आई नाही."

शिकवायची मात्र फार गोड. एसीचं पाणी बाल्कनीतल्या बादलीत ठिबकायचं. मला तिथे नेऊन उभं केलं आणि म्हणाली, "आत्ता या क्षणी पाणी कुठल्या वेगाने वाढतंय, ते डिफरन्शिएशन. सकाळपासून एकूण किती साठलं, ते इंटिग्रेशन. बाकी सगळी कसरत." शाळेत आम्ही नुसती सूत्रं घोकली होती. ती कशासाठी होती, हे मला तिथे उन्हात, बादलीपाशी उभी असताना कळलं.

लिमिटवर तिने पुष्कळ दिवस घालवले. "एखाद्या बिंदूकडे दोन वाटांनी जाता येतं, डावीकडून आणि उजवीकडून. दोन्हीकडून एकाच ठिकाणी पोचलीस तरच लिमिट आहे म्हणायचं. एका बाजूने जाऊन आलीस आणि उत्तर लिहिलंस, तर मी अर्धाही मार्क देणार नाही." तशी ती खरंच द्यायची नाही. वजाचं चिन्ह राहिलं तरी पूर्ण गणित पुन्हा करायला लावायची.

म्हणून तिचीच चूक सापडली तेव्हा मला केवढा आनंद झाला! मॉड एक्स भागिले एक्स, शून्यापाशी. अगदी सुरुवातीचं गणित. तिने उजव्या बाजूने सोडवलं, उत्तर एक आलं, आणि खाली लिहिलं, लिमिट एक.

"आई, डावी बाजू राहिली! तिकडून वजा एक येतं. लिमिट नाहीच आहे."

ती फळ्याकडे बघत राहिली. "केली की."

"कुठे केलीस? दाखव."

तिने पुन्हा उजवीकडचंच बोटाने दाखवलं. मी टाळ्या वाजवल्या. त्या रात्री जेवताना बाबांनाही सांगितलं, आज मी मॅडमना पकडलं म्हणून. आईसुद्धा हसली.

पण मग ते रोजचं झालं. तिचं अक्षर फळ्याच्या उजव्या कडेला गर्दी करू लागलं. डावा अर्धा फळा कोरा राहायचा. समीकरणाच्या डावीकडचं पद ती खालच्या ओळीत उतरवायचीच नाही. ताटातली डावीकडची कोशिंबीर तशीच राहायची आणि विचारलं तर म्हणायची, "आज वाढलीच नाहीस ना?" डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटून काळानिळा झाला होता. बाबा म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

दम्मामच्या सुपरमार्केटमध्ये एक वयस्क सौदी बाई तिला थांबवून अरबीत काहीतरी सांगायला लागली. आईला कळेना. मग त्या बाईने स्वतःच आईच्या अबायाची डावी बाही हातात धरली. ती रिकामी लोंबत होती. बाईने आईचा हात उचलून हळूच त्या बाहीत घातला, लहान मुलाला कपडे घालावेत तसा, आणि माझ्याकडे बघितलं. आई तिला शुक्रन, शुक्रन म्हणत राहिली. बाबांनी ट्रॉली तिथेच सोडली आणि आम्ही तिथून थेट शेजारच्या खोबर शहरातल्या हॉस्पिटलात गेलो.

डॉक्टर सुदानी होते, हळू बोलणारे. स्कॅन झाल्यावर त्यांनी बाबांना बाहेर बोलावलं, तर आई म्हणाली, "मलाच सांगा. मी शिक्षिका आहे." मग त्यांनी तिलाच सांगितलं. मेंदूच्या उजव्या भागात गाठ होती, आणि मोठी होती. डोळे चांगले होते. पण डावीकडे काही आहे, याचा मेंदूला पत्ताच लागत नव्हता.

"म्हणजे मला अंधार दिसायला हवा ना तिकडे?" आईने विचारलं. "मला तर सगळं पूर्णच दिसतंय."

"हाच तर हा आजार आहे," डॉक्टर म्हणाले.

आम्ही घरी निघालो. घर जवळ आल्यावर बाबा रडायला लागले. गाडी बाजूला घेऊन स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. आई त्यांच्या उजवीकडे बसली होती, म्हणजे ते तिच्या डावीकडे. तिने आवाजाच्या रोखाने हात पुढे केला, चाचपडत त्यांचा खांदा शोधला. "अहो, पुरे. पोर आहे मागे."

ऑपरेशन मिरजेला, मामाच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे करायचं ठरलं. बाबांची रजा आणि आमचे सौदीबाहेर जायचे-यायचे व्हिसे कंपनीतून होऊन यायला वेळ लागत होता. मी पुस्तकं कपाटात टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई सुती साडी नेसून जेवणाच्या खोलीत हजर. निऱ्या वाकड्या, पदर खांद्यावरून घसरलेला. मी तो नीट पिनअप करून दिला.

"आई, राहू दे ना आता."

"राहू दे काय? इंटिग्रेशन सुरूच नाही केलं आपण." तिने मार्कर उचलला. "ऐक. मला डावीकडचं दिसत नाही, पण ऐकू तर येतं. तू मला डावी बाजू सांगत जा. उजवी मी सांगते."

आणि आम्ही तसं शिकलो. मी डावीकडचं लिहून मोठ्याने वाचायची, ती डोळे मिटून ऐकायची आणि पुढची पायरी सांगायची. कधी बरोबर, कधी वाक्य मध्येच सोडून गप्प. डोकं फार दुखायचं तेव्हा टेबलावर गाल टेकून म्हणायची, "थांब जरा. वर्ग सुटलेला नाही." सबस्टिट्यूशन झालं. इंटिग्रेशन बाय पार्ट्‌स अर्धं झालं. तेवढ्यात व्हिसे आले.

मिरजेत ऑपरेशन झालं, पण गाठ पूर्ण निघाली नाही. डॉक्टरांनी मामाला सांगितलं, मामाने बाबांना, बाबांनी मला. आईला सांगायची गरज पडली नाही. पुढचे महिने आम्ही सगळे तिच्या खाटेच्या उजव्या बाजूला बसायचो, एकमेकांना खेटून, म्हणजे तिला दिसू. डावीकडून कुणी आलं की तिच्या लेखी ते आलेलंच नसायचं. शेवटी शेवटी ती मला माझ्या नावाने हाक न मारता तिच्या जुन्या कॉलेजातल्या कुठल्यातरी मुलीच्या नावाने मारायची, आणि अभ्यास झाला का विचारायची. मी हो म्हणायची. गणेशोत्सव संपला त्या आठवड्यात ती गेली.

बाबांची नोकरी होती. आम्ही दोघं अबकैकला परतलो. पहिले काही दिवस बाबा ड्यूटीवर गेले की मी पंखा, टीव्ही, एसी सगळं चालू ठेवायची. फळा निघताना आईनेच पुसून ठेवला होता, पण फक्त उजवीकडचा अर्धा. डावीकडे माझं अक्षर होतं. ते मला पुसवेना. एक दिवस मी आंघोळ करून आले तर बाबांनी सगळा फळा स्वच्छ केला होता. मी त्यांच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या मल्याळी काकू बघायला आल्या. बाबा फडकं हातात घेऊन उभे होते. "तुला त्रास होत असेल असं वाटलं गं," एवढंच म्हणाले.

परीक्षा मी दिली. बाय पार्ट्‌सचा उरलेला भाग पुस्तकातून एकटीने केला. तो मला आजही आतून उमगलेला नाही. नियम पाळून उत्तर काढते, एवढंच. बाबांनी रजा काढून मला रियाधला नेलं आणि तीन तास परीक्षेच्या इमारतीबाहेर गाडीत बसून राहिले. पेपर बरा गेला. पुढे निकालही ठीकच लागला. आईने एवढ्या मार्कांवर भुवई उंचावली असती.

परतीच्या रस्त्यात एका पेट्रोल पंपावर थांबलो, तर नमाजाची वेळ झालेली, दुकान बंद. चहासाठी आम्ही गाडीत बसून राहिलो. बाबांनी विचारलं, "यापुढे काय असतं गं? म्हणजे, आईने पुढे काय शिकवलं असतं?"

मी सांगत गेले. डिफरन्शिअल इक्वेशन्स असतात, मग एकाऐवजी दोन-दोन चल घेऊन तेच सगळं पुन्हा. बाबांना त्यातलं काही कळत नव्हतं, तरी ते मान हलवत होते. मध्येच त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "सांग, सांग. थांबू नकोस."

मी सांगत राहिले. दुकानाचं शटर वर गेलं तरी दोघांपैकी कुणी उतरलं नाही.