खिडकी डावीकडे, समुद्र उजवीकडे

सकाळी सहाला थेरगावातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकातून गाडी बाहेर काढली, तेव्हा मागे जोडलेल्या डब्याकडे बघून वॉचमनने विचारलं, “साहेब, आइस्क्रीमचा धंदा टाकला का?”

तो डबा म्हणजे आमचं फिरतं घर. दोन चाकं, आत एक पलंग, शेगडी आणि कमोड. माझा मित्र दिलीप याच्या भोसरीतल्या शेडमध्ये आम्ही दोघं आठ महिने त्यावर खपलो. वेल्डिंग त्याचं, डोकं माझं. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा मला पंचवीस वर्षांचा अनुभव आहे.

घर बांधून न्यायचं कारण आई. वय शहात्तर. बीडकडच्या गावातून लग्न करून ती भोसरीतल्या भाड्याच्या खोलीत आली आणि वडिलांच्या फाउंड्रीच्या शिफ्ट सांभाळण्यात तिचं आयुष्य गेलं. तिने उभ्या जन्मात एकच हट्ट धरला होता, समुद्र बघायचा. वडील दरवर्षी म्हणायचे, “ह्या दिवाळीला नक्की.” दिवाळ्या येत गेल्या, मग एक दिवस वडीलच गेले. आता तिचे गुडघे असे झालेत की चार पायऱ्या चढवत नाहीत, आणि परक्या अंथरुणावर तिला झोप येत नाही. पुढच्या वर्षी एवढा प्रवास झेपेल का, याची खात्री डॉक्टरही देईनात. म्हटलं, तिचं अंथरूणच समुद्रावर नेऊ.

ताम्हिणीच्या घाटात डबा मागून असा ढकलत होता, जणू त्यालाच जायची घाई. बायको सुनीता वळणावळणाला देवाचं नाव घेत होती. आई मात्र मागच्या सीटवर निवांत. “हळू चालव रं,” एवढंच म्हणाली, “इतकी वर्सं थांबले, अजून तासभर थांबंन.”

दुपारी दिवेआगरला पोचलो. तिथे उतरायला जागा देणाऱ्या रघुनाथभाऊंच्या नारळाच्या वाडीच्या टोकाला, सुरुबनाला (सुरूच्या उंच झाडांच्या राईला) लागून आमची जागा होती. पलीकडे लगेच पुळण (समुद्रकाठची वाळू). लाटांचा आवाज येत होता, पण आईला मी गाडीतून उतरू दिलं नाही. म्हटलं, थेट खिडकीतूनच दाखवू.

डबा मागे घेणं हा वेगळाच विषय. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की डबा उजवीकडे जातो. सुनीता मागे उभी राहून “येऊ द्या, येऊ द्या” म्हणत होती. मग नारळाला धाडकन टेकल्यावर म्हणाली, “आता नका येऊ.”

शेवटी डबा लागला. मी पाणलेव्हल काढली. चाकाखाली फळीचा तुकडा, मग पुठ्ठा, मग पुठ्ठ्याचा अर्धा तुकडा. ओट्यावर ठेवलेल्या नळीतला बुडबुडा बरोब्बर मध्ये यायला पाऊण तास लागला. रघुनाथभाऊ सुपारी कातरत बघत होते.

“काका, आत पाणी भरायचंय काय?”

“नाही हो. डबा सपाट नको का?”

“समुद्र कुठं सपाट हाय,” ते म्हणाले आणि सुपारी तोंडात टाकली.

मग आईला धरून आत नेलं, पलंगावर बसवलं आणि खिडकीचा पडदा मोठ्या रुबाबात सरकवला. बाहेर एक म्हैस उभी होती. तिच्यामागे वाडीचा संडास.

आईने नीट बघितलं. “ह्योच का रं?”

समुद्र आमच्या पाठीमागे होता, उजवीकडे. आणि उजवीकडे खिडकीच नव्हती. दिलीपच्या शेडमध्ये डबा भिंतीला खेटून उभा होता. त्या फटीत माणूस शिरत नव्हता, म्हणून आम्ही त्या बाजूला आधीच कोरा पत्रा ठोकून घेतला होता. आठ महिन्यांत मी त्या डब्याची प्रत्येक रिव्हेट तपासली. तो कुठल्या बाजूने काय बघणार, हे तपासायचं राहिलं.

“तुमचा क्वालिटीवाला कुठे गेला होता हो?” सुनीताने विचारलं.

पुन्हा गाडी जोडून वळवायला जागा नव्हती. आईला वाळूतून चालवणं शक्य नव्हतं. मी कपाळाला हात लावून बसलो, तेव्हा रघुनाथभाऊंनी किनाऱ्याकडे तोंड करून एक लांब हाक मारली. होडी ओढून थकलेले पाच-सहा मच्छीमार आले. डब्याभोवती एक चक्कर मारून त्यातला म्हातारा म्हणाला, “होडीपेक्षा हलका हाय. आजींना उतरवा.”

“मी न्हाई उतरत,” आई आतून म्हणाली. “फिरवा तुमी.”

त्यांनी होडीच्या फळ्या चाकांखाली घातल्या. मी आईला धरून आत बसलो. बाहेर “हेऽऽ य्या!” झालं आणि घर हललं.

खिडकीतून आधी म्हैस गेली. मग संडास, मग नारळाचं खोड, मग सुरूच्या रांगा एकेक करून मागे सरकल्या. मग वाळूची एक पांढरी पट्टी आली. आणि मग चौकटीच्या कडेने समुद्र आत शिरायला लागला. आधी बोटभर, मग हातभर, आणि पुढच्या आरोळीला सगळी खिडकी भरून.

मी समुद्र आधी चार-पाचदा पाहिला होता. त्या दिवशी कळलं, की फोटोच काढले होते.

आईने डोक्यावर पदर घेतला, थोरल्या माणसासमोर घेतात तसा. मग हळूच म्हणाली, “ह्याला गुरुवारची सुट्टी न्हाई का रं?”

आमच्या भोसरीत गुरुवारी मशिनं बंद असतात. तिच्या जगात सगळ्याला सुट्टी होती, तिला सोडून. मी म्हटलं, “नाही आई. चालूच असतं.”

“लई बाई काम.”

रघुनाथभाऊंच्या घरून आंबोळ्या (तांदळाची जाड, जाळीदार धिरडी) आणि सोलकढी आली. सगळे वाळूत बसून जेवले, आई दारात. सुनीताने बादलीभर समुद्र आणला आणि आईचे पाय त्यात ठेवले. आईने बादलीत बघितलं, मग समोर बघितलं. “काढून घेतलं तरी कळंना,” ती म्हणाली आणि लहान मुलीसारखी हसली.

डबा आता समुद्राकडे चांगलाच कलला होता. मी पाणलेव्हल हातात घेतली, तर आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे. वाकून बघितल्यावानी वाटतंय.” तीन दिवस आमचा चहा बशीत एका बाजूला सांडत राहिला.

परत आल्यावर दिलीपला सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, “आण राव डबा, उजवीकडे पण खिडकी कापतो.” मी अजून नेलेला नाही.

काल गुरुवार होता. आईला दवाखान्यात दाखवून भोसरीवरून येत होतो. सगळ्या शेडची शटर ओढलेली, ग्राइंडरचा आवाज नाही, रस्ता ओळखू येणार नाही इतका शांत. आई काचेतून बाहेर बघत होती. सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा तिने नकळत डोक्यावर पदर घेतला.

“तिकडं चालूच आसंल, न्हाई?” ती म्हणाली.