हिरव्या चोळीचं माप

"हे वाल तुम्ही कधी खाल्ले होते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

माझ्या तोंडातून घातलेली जाड रबरी नळी नुकतीच बाहेर काढली होती. पोटातून आलेलं सगळं एनॅमलच्या भांड्यात जमलं होतं आणि त्यात वालाची सालं तरंगत होती.

"परवा दुपारी," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या सासूबाईंकडे पाहिलं. "आजी, मी नीट तपासलंय. सुनेच्या पोटात बाळ नाही. परवाचं जेवण आहे."

मी तेव्हा अंगात हिरवी चोळी घालून बसले होते. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्या चोळीकडे एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. माझं दुखणं उघडकीला आलं ते असं.

मी मुळशीकडच्या एका भाताच्या गावची सून. सातवीपर्यंत शिकले, म्हणून लिहायचं धाडस करते. माझ्यासारखं दुखणं कुणाला असेल तर तिने माझ्याइतका वेळ फुकट घालवू नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

सुरुवात विषमज्वरापासून झाली. ताप उतरला, पण भूक परत आली नाही. चार घास खाल्ले की पोट तुडुंब. संध्याकाळी ढेकर यायचा तो सकाळच्या भाजीचा. पुढे सकाळच्या उलट्या सुरू झाल्या आणि मी वाळत गेले. पाळीही बंद झाली.

लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. उलट्या होतात, पाळी चुकली, मग दुसरं काय असणार? घराने निकाल लावून टाकला. खोटं कशाला बोलू, मीही लावला. मला तो हवाच होता.

आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात चोरचोळी करतात. कुणाला न सांगता, घरातल्या घरात गर्भारणीला हिरवी चोळी घालायची. आत्याबाईंनी पौडच्या शिंप्याकडून माझ्या जुन्या चोळीच्या मापाने ती शिवून आणली. अंगात घातली तर बाह्या लोंबायला लागल्या.

"भरंल की आता," आत्याबाई म्हणाल्या. "दोन जिवांची हायेस. खा."

मग काय, तुपातला शिरा, तळलेल्या कुरडया, वालाची उसळ, जे जे पचायला जड ते ते माझ्या ताटात येऊ लागलं. मी खायची आणि गोठ्यामागे जाऊन ओकायची. पाचवा महिना लागला तरी पोट वर येण्याऐवजी पाठीला चिकटलं. शेवटी भात झोडताना खळ्यावरच मी चक्कर येऊन पडले, तेव्हा आमच्या ह्यांनी मला एस.टी.त घालून पुण्याच्या दवाखान्यात आणलं. आत्याबाई हट्टाने बरोबर आल्या.

नळीच्या दुसऱ्या दिवशी बेरियम मील झालं. म्हणजे खडूच्या पाण्यासारखं एक पांढरं औषध प्यायला देतात आणि ते पोटात कुठवर पोचलं ते क्ष-किरणांनी बघतात. एकदा बघितलं, मग बाकावर बसवलं. पुन्हा बघितलं, पुन्हा बाकावर. असा सगळा दिवस गेला. संध्याकाळीही निम्म्याहून जास्त औषध जागच्या जागी होतं.

डॉक्टरीणबाईंनी मला आडवं करून पोट दोन्ही हातांनी हलवलं. आत अर्ध्या भरलेल्या घागरीसारखा डुबुक डुबुक आवाज झाला.

"याला गॅस्ट्रिक ॲटोनी म्हणतात," त्या म्हणाल्या. "जठर ढिलं पडलंय. पुढची वाट बंद नाही, गाठ नाही, व्रण नाही. पण अन्न पुढे ढकलायला ते आळस करतंय. तापानंतर कधी कधी होतं असं."

म्हणजे रस्ता मोकळा, बैल मात्र उभा. मला ते लगेच समजलं.

औषध थोडंच होतं, पथ्य फार. दिवसातून सहा वेळा खायचं, दर वेळी वाटीभर. मऊ भात, पेज, वरणाचं गाळलेलं पाणी, लोणी काढलेलं ताक. तूप-तेल नावाला, कारण स्निग्ध पदार्थ पोटात आणखी रेंगाळतात. सालाचं, दोरे निघतील असं काही नको. घास बारीक चावायचा. जेवून आडवं व्हायचं नाही, हिंडायचं. रात्रीचं खाणं उजेड आहे तोवर उरकायचं, तेही पातळ.

मग त्या आत्याबाईंना म्हणाल्या, "आजी, हिचं औषध माझ्याकडे नाही, तुमच्या चुलीपाशी आहे. नाही जमलं तर ही पुढचा पावसाळा बघणार नाही."

 परतीच्या गाडीत मला मरणाची भीती वाटत होतीच, पण त्याहून मोठी भीती वाटत होती ती पौड आल्यावर त्या काय म्हणतील याची. मूल नाही, अंगात बळ नाही, वर सहा वेळा खाणारी सून कोण ठेवून घेईल? मला माहेरी पोचवतील, अशीच मी मनाची तयारी केली होती.

त्यांनी माहेरी पाठवलं नाही. सकाळी पेजेची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि गोठ्यात निघून गेल्या.

चूक केली ती मी. आमच्या घरात सून सगळ्यांत शेवटी जेवायची. आधी पोटोबा मग विठोबा हे पुरुषांना, सुनेच्या पोटोबाचा नंबर विठोबाच्याही मागे. मामंजी उपाशी असताना मी कशी जेवू? वाटी मी धान्याच्या कणगीमागे झाकून ठेवायची. दुपारचीही तशीच. सगळ्यांची जेवणं उरकली की साठवलेलं सगळं एकदम खायची आणि दमून तिथंच कलंडायची. आठवड्यात पुन्हा उलट्या सुरू झाल्या.

एकदा आत्याबाई गोठ्यामागे माझ्या पाठोपाठ आल्या. खाली पडलेलं बघितलं. मग घरात जाऊन कणगीमागची वाटी घेऊन आल्या.

"ह्ये काय हाय?"

मी रडत सांगितलं, लाज वाटते.

"मेल्यावर कुनाला लाजनार हायेस?" त्या कडाडल्या. "मला तितं त्या बाईनं सांगितलं, औषध तुमच्या चुलीपाशी हाय. माझ्या तोंडाला काळं फासतीस व्हय?"

त्या दिवसापासून त्यांनी मला सगळ्यांदेखत ओसरीवर बसवून आधी खायला घातलं. मामंजी पान मांडायची वाट बघत बसले तरी माझी वाटी रिकामी झाल्याशिवाय आत्याबाई त्यांचं ताट वाढत नसत. शेजारणीने एकदा टोमणा मारलाच, "सून आदी जेवती, लईच लाड की!"

"जेवती," आत्याबाई म्हणाल्या. "पोट तिचं सावकाश हाय, माजं त्वांड न्हाई. आनखी इचार."

हिंडायचं कसं हा प्रश्न होताच. सून रिकामी हिंडली तर गाव काय म्हणेल? त्यावरही त्यांनीच तोड काढली. खाऊन झालं की रिकामी कळशी माझ्या कमरेवर ठेवायच्या आणि ओढ्यापर्यंत पिटाळायच्या. तशीच रिकामी कळशी घेऊन मी परत यायची. गावाला कळायला चार दिवस लागले आणि हसायला आणखी चार. मग सवय झाली.

गावात वजनाचा काटा होता तो भाताचा. म्हणून दर अमावास्येला आत्याबाई ती हिरवी चोळी काढायच्या, मला घालायला लावायच्या आणि दंडापाशी बाहीत बोटं घालून बघायच्या. पहिल्यांदा तीन बोटं गेली. दोन महिन्यांनी दोन. मध्ये एका लग्नात मी जिलबी खाल्ली आणि पुन्हा तीन झाली, तेव्हा जी बोलणी खाल्ली ती मात्र चांगली पचली. बरं होणं सरळ चालत येत नाही, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. चार दिवस बिघडलं म्हणून पथ्य सोडू नये, आणि माझं पथ्य आपलं समजू नये, डॉक्टरांना विचारावं.

पुढचा पावसाळा मी बघितला. लावणीला चिखलात उभी राहिले. त्यानंतरच्या अमावास्येला आत्याबाईंचं बोट बाहीत शिरेना. करंगळी घालून बघितली, तीही शिरेना.

"बसली," त्या म्हणाल्या, आणि चोळीवर हात ठेवून मोठ्याने रडल्या. दवाखान्यात रडल्या नव्हत्या, गाडीत रडल्या नव्हत्या. ज्या नातवासाठी ती चोळी शिवली, त्याचं दुःख त्यांनी इतके महिने पोटात ठेवून मला जेवू घातलं होतं. ते मला त्या क्षणी कळलं आणि मीही रडले.

मी चोळी उतरवायला लागले, तर त्यांनी हात धरला.

"राहू दे. चोरून दिली हुती. आता दिसाउजेडी घाल, गाव बघू दे."

मूल आम्हाला पुढेही झालं नाही. आज आठ वर्षं झाली, पोट अजून सावकाशच आहे आणि मी अजून वाटीनेच खाते. आत्याबाईंना आता नीट दिसत नाही. तरी सूर्य डोक्यावर यायच्या आत ओसरीवरून त्यांची हाक येतेच, "जेवलीस का गं?" आणि मी होय म्हटल्यावरच त्या आपल्या ताटाला हात लावतात.