कुंदावहिनींची टुकनी

दादाचा फोन आला तेव्हा मी सदर बाजारात सोनाराच्या दुकानात बाळाच्या मनगट्या पाहत होते. बाळ यायच्या आधी घेऊ नये म्हणतात, पण मी कुठली ऐकते. "कुंदा गेली गं," दादा एवढंच म्हणाला. दुकानदार विचारत होता, "दीदी, ये वाला दूँ क्या?" आणि मी मान हलवून पैसे दिले... बाहेर येऊन स्कूटरवर बसले तर किल्ली कुठे लावायची तेच सुचेना. आदल्याच रविवारी वहिनींनी मला दम भरला होता, "मृणालच्या बाळंतपणात मी बसणार, सांगून ठेवते. मले न विचारता कुठं भरती करू नको तिले." मृणाल म्हणजे माझी मुलगी. आणि वहिनींना तेव्हा जिना चढायचीसुद्धा बंदी होती. हृदयाचं दुखणं होतं, पण ऐकतील तर त्या कुंदावहिनी कसल्या.

माझ्या थोरल्या भावाची ही बायको, नागपूरहून लग्न होऊन रायपूरला आली ती डॉक्टर होऊनच. ब्राह्मणपाऱ्यात आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर तिनं बाळंतपणाचा दवाखाना थाटला. मी तिला मनात अगं-तुगं करते, तोंडावर कधी हिंमत झाली नाही. दवाखाना छोटा, भिंतींना पोपटी रंग, आणि बाहेर नातेवाइकांसाठी एक लांब बाक. त्या बाकाखाली बांबूची एक टुकनी, म्हणजे टोपली, असायची. कळा सुरू व्हायचं औषध देऊन झालं, की बाहेर येऊन वहिनी ती टुकनी नातेवाइकांच्या मांडीवर ठेवायच्या. उन्हाळ्यात चिंच, पावसाळ्यात निवडायचे तांदूळ, थंडीत मटार. "बसल्या बसल्या एवढं करून द्या," म्हणायच्या. मोठमोठ्या घरच्या बायका नाकं मुरडत चिंचोके काढायला लागत. वहिनींची सगळ्यात आवडती म्हणजे चिंच. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "हात चिकट झाले की माणूस दार ठोठावत नाही. औषध पोरीले द्यावं लागते, तसं घरच्यांनाही काही तरी द्यावं लागते नं."

कारण त्यांचं खरं भांडण त्या बाकाशीच होतं. औषध दिल्यावर पहिलटकरणीला वेळ लागतो, कधी अख्खा दिवस लागतो, पण बाहेर बसलेल्यांना दोन तासांत वाटायला लागतं की आता काही खरं नाही, चिरून मोकळं करा. कुणी गुरुजींकडून मुहूर्त काढून आणायचा. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलवाल्या शेठनं तर वेळ मिनिटासकट सांगितली होती. त्याला वहिनी म्हणाल्या, "भैया, सुरी मी बाळासाठी काढते, पंचांगासाठी नाही." तो उठून दुसरीकडे गेला. वहिनींनी त्याच्या वाटणीची चिंच शांतपणे दुसऱ्याच्या मांडीवर ठेवली.

माझ्या वेळी बाकावर माझ्या सासूबाई होत्या. तारीख उलटून गेली होती म्हणून सकाळीच मला औषध दिलं होतं, आणि दुपारनंतर अमावस्या लागत होती. सासूबाईंचा एकच घोशा, "त्याच्या आधी मोकळं करा हिले." वहिनी म्हणाल्या, "मावशी, बाळ मजेत आहे. तुम्ही चिंच फोडा." आणि माझ्याशेजारी स्टूल ओढून बसल्या. माझ्या पोटावर हात ठेवून नागपूरच्या गप्पा सांगत होत्या, मध्येच ठोके ऐकत होत्या. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. दुपार कलली आणि एका कळेनंतर त्यांचा हात पोटावरच थांबला. पुन्हा ऐकलं. उठल्या, आणि स्टूल पायानं सारत मला म्हणाल्या, "शोभा, ठोके उतरून राहिले. आता सीझर करू." आवाजात घाबरणं नाही, कमीपणा नाही. दारात सासूबाईंनी चिकट हातांनी अडवलं, "मग सकाळीच काहून नाही केलं?" वहिनी चालता चालता म्हणाल्या, "सकाळी केलं असतं तर ते तुमच्यासाठी असतं. हे तिच्यासाठी आहे." मृणाल अमावस्येतच जन्मली, आणि आजवर तिनं कुणाचं ऐकून घेतलेलं नाही.

वहिनींना जाऊन महिना झाला नव्हता तोच मृणालची तारीख उलटली. मोठ्या दवाखान्यात भरती केली, औषध सुरू झालं. मी दादाकडून टुकनी आणली होती, वाटेत मटार घेतला. का आणली, मलाही सांगता आलं नसतं... दुपारी विहीणबाई म्हणाल्या, "दीदी, कितना तड़पेगी बच्ची, ऑपरेशन करवा लेते हैं न." खरं सांगते, आतून मृणालचं कण्हणं ऐकून माझ्याही तोंडावर तेच आलं होतं. कोवळी डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली, "थांबता येईल. पण घरचे म्हणत असतील तर करू." सगळे माझ्याकडे पाहायला लागले. वहिनी असत्या तर मला कुणी विचारलंच नसतं. मी म्हटलं, "बाळ मजेत आहे का?" ती म्हणाली, ठोके छान आहेत, मृणालही ठीक आहे. "मग थांबू. त्यात काही बदललं तर आम्हाला विचारत बसू नका, लगेच करा." एवढं बोलून मी टुकनी विहीणबाईंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी आधी टुकनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सोलायला लागल्या.

मटार संपला. बाळ काही आलं नव्हतं. विहीणबाई रिकाम्या हातांनी माझ्याकडे पाहायला लागल्या. मग मी सालीच पुढे ओढल्या आणि त्यांचा आतला पापुद्रा काढत बसले. "इसकी भी सब्जी बनती है," विहीणबाई हळूच म्हणाल्या आणि त्याही काढायला लागल्या. निम्म्या साली झाल्या असतील, नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती, आपली आपण, चिरल्याशिवाय.

बाळाला मनगट्या घालून झाल्यावर विहीणबाईंनी मला बाजूला घेतलं. धाकट्या सुनेची तारीख पुढच्या महिन्यात होती. "दीदी, ये टुकनी मैं रख लूँ?" मी म्हटलं, दादाला विचारून सांगते. घरी येऊन दादाला विचारलं, आता ती त्याचीच. तो म्हणाला, "दे. पण त्यांना चिंच घ्यायला सांग. मटार लवकर संपतो, असं कुंदा म्हणायची."